नॅसमधली डिस्क जाईल तेव्हा: रेड, व्हॉल्यूम आणि रिबिल्डची तयारी

नॅस, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना फाइली देणारी डिस्कची पेटी, घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो जागेचा: किती टीबी मिळतील? मी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करते. यातली एक डिस्क जाईल त्या दिवशी मशीनसमोर कोण असेल, गेलेली डिस्क त्याला ओळखता येईल का, बदलायला डिस्क हाताशी असेल का, आणि रिबिल्ड (गेलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर परत उभा करणं) संपेपर्यंत किती तास आपण आधाराविना चालू? याची उत्तरं मिळाली की रेडची (अनेक डिस्क एकत्र बांधून चालवण्याच्या पद्धतीची) लेव्हल, डिस्कचा आकार, व्हॉल्यूमची मांडणी हे बरंचसं आपोआप ठरतं. लहान ऑफिसांचे नॅस सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे आणि डिस्क जाणं ही अपवादाची गोष्ट मी मानतच नाही. चोवीस तास फिरणारी वस्तू आहे, कधीतरी थांबणार.

थर कुठले आणि बिघाड कुठे

मेनूमध्ये जी नावं दिसतात ती एकावर एक रचलेल्या थरांची आहेत. सगळ्यात खाली डिस्क. काही डिस्क एकत्र बांधल्या की रेड ग्रुप. त्यावर स्टोरेज पूल, पूलमधून काढलेलं व्हॉल्यूम, आणि व्हॉल्यूमवर लोकांना दिसणारे शेअर्ड फोल्डर. सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसमध्ये आत लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड, म्हणजे एमडी रेड, आणि त्यावर जागा वाटून देणारं एलव्हीएम असतं. ट्रूनॅस या नॅसच्या सॉफ्टवेअरमध्ये झेडएफएस असतं, तिथे रेड आणि फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडणारी व्यवस्था) एकाच यंत्रणेचे भाग आहेत. बिघाड कुठल्या थरात आहे त्यावर उपाय ठरतो, म्हणून हे माहीत हवं. व्हॉल्यूम क्रॅश झालेलं दिसतंय पण रेडमधल्या सगळ्या डिस्क धडधाकट आहेत, तर डिस्क बदलून काहीही साधणार नाही. घोळ फाइल सिस्टिममध्ये आहे.

लेव्हल निवडताना

रेड ५ मध्ये एका डिस्कएवढ्या जागेत पॅरिटी ठेवलेली असते, म्हणजे गेलेला डेटा परत काढण्यासाठीचा हिशोब. तो एकदा कागदावर करून बघा, मग रेड ५ कधीच गूढ वाटणार नाही. तीन डिस्कवर एकाच जागी १, ० आणि १ असे बिट आहेत. चौथ्या डिस्कवर असा बिट लिहायचा की एकूण एकांची संख्या सम राहील. इथे एक दोनदा आलाय, म्हणजे चौथा बिट ०. आता मधली डिस्क गेली. उरले १, १ आणि पॅरिटीचा ०. बेरीज समच राहायला हवी, तर गेलेला बिट ० च असणार. रिबिल्डमध्ये हाच हिशोब पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत चालतो. त्यासाठी उरलेली प्रत्येक डिस्क पूर्ण वाचावी लागते. रेड ५ ची ताकद आणि तिची दुखरी नस, दोन्ही इथेच आहेत.

रेडची कल्पना १९८८ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी मांडली, तेव्हा डिस्क मेगाबाइटमध्ये मोजल्या जात. त्यांच्या मांडणीत १ ते ५ अशा पाच लेव्हल होत्या. दोन पॅरिटीची रेड ६ नंतर आली. आजच्या आकड्यांवर ती का लागते ते बघा. ८ टीबीची एक डिस्क सेकंदाला सरासरी १५० एमबी वेगाने भरली तरी साधारण १५ तास लागतात, आणि हे कोणीही नॅस वापरत नसताना. दिवसभर लोक काम करत असतील तर दोन-तीन दिवसही सहज जातात. एवढ्या वेळात रेड ५ कडे दुसरा आधार शून्य. शिवाय पुष्कळ डिस्कच्या माहितीपत्रकात न वाचता येणाऱ्या बिटचं प्रमाण १० चा १४ वा घात, एवढ्या बिटमागे जास्तीत जास्त एक, असं दिलेलं असतं. हे साधारण १२.५ टीबी होतात. ८ टीबीच्या चार डिस्कच्या रेड ५ मध्ये रिबिल्डला २४ टीबी वाचावे लागतात. प्रत्यक्षात डिस्क या मर्यादेपेक्षा बऱ्याच चांगल्या वागतात, त्यामुळे रिबिल्ड फसणारच असा अर्थ काढू नका. पण ज्या डेटावर एखाद्या ऑफिसचा पगार अवलंबून आहे तो मी या भरवशावर ठेवत नाही.

माझा शिरस्ता असा. दोन बे (डिस्क बसवायचे खण) असतील तर रेड १, म्हणजे दोन्ही डिस्कवर तीच प्रत, दुसरा विचारच नको. तीन किंवा चार डिस्क, प्रत्येकी ४ टीबीपर्यंत, आणि बॅकअप रोज होतोय, तर रेड ५ चालेल. त्याहून मोठ्या किंवा जास्त डिस्क असतील तर रेड ६. झेडएफएसवर असाल तर तिथली दोन पॅरिटीची रेडझेड२. व्हर्च्युअल मशीन किंवा डेटाबेस चालवायचा असेल तर रेड १०, म्हणजे रेड १ च्या जोड्या एकत्र, कारण लहान लहान लिखाणात पॅरिटीचा हिशोब वेग खातो. चार डिस्कमध्ये रेड ६ आणि रेड १० दोन्ही निम्मीच जागा देतात, पण रेड ६ कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी उभी राहते आणि रेड १० मध्ये एकाच जोडीतल्या दोन्ही गेल्या की खेळ संपला. रेड ० डेटा डिस्कवर नुसता वाटून ठेवतं, त्यात एक डिस्क गेली की सगळं गेलं. ती मी तात्पुरत्या फाइलींखेरीज कशालाच देत नाही.

डिस्क वेगवेगळ्या आकाराच्या असतील तर साधं रेड सगळ्यांना सर्वात लहान डिस्कच्या मापाने मोजतं. ४, ४, ८, ८ टीबीच्या रेड ५ मध्ये १२ टीबीच हाती लागतात. सिनॉलॉजीचं स्वतःचं रेड, एसएचआर, त्याच चार डिस्कमधून १६ टीबी काढतं, कारण मोठ्या डिस्कवर उरलेल्या जागेचं ते वेगळं रेड १ बनवतं. हळूहळू डिस्क वाढवत जाणाऱ्यांसाठी ही सोय खरंच उपयोगाची आहे.

आणि एक गोष्ट इथेच सांगते, कारण लेव्हल ठरवतानाच ती डोक्यात असायला हवी. चुकून पुसलेली फाइल रेड त्याच क्षणी सगळ्या डिस्कवरून पुसतं. रॅन्समवेअरने फाइली कुलूपबंद केल्या तर त्या कुलूपबंद फाइली रेड निष्ठेने जपतं. स्नॅपशॉट (एखाद्या क्षणी फाइली कशा होत्या त्याची नोंद) यातल्या बऱ्याच प्रसंगांत वाचवतात, पण तेही त्याच पेटीत राहतात. बॅकअप दुसऱ्या उपकरणावर, आणि त्यातली एक प्रत दुसऱ्या जागी हवी. पैसे मोजकेच असतील तर रेड ६ सोडून रेड ५ घ्या आणि वाचलेल्या डिस्कचे पैसे बॅकअपला द्या, असंच मी सांगेन.

डिस्क घेताना आणि बसवताना

नॅससाठी म्हणून बनवलेल्या डिस्क घ्या. वाचता न येणारा सेक्टर भेटला तर साधी डेस्कटॉप डिस्क तो वाचायचा प्रयत्न पुष्कळ वेळ करत राहते. तेवढ्यात रेडला वाटतं डिस्क मेली, आणि ते तिला बाहेर काढतं. नॅसची डिस्क साधारण ७ सेकंदांत हात टेकते आणि रेड तो सेक्टर पॅरिटीवरून परत लिहून घेतं. एका सेक्टरपायी अख्खी डिस्क गमवायची वेळ येत नाही.

दुसरं, डिस्क सीएमआर, म्हणजे ट्रॅक शेजारी-शेजारी लिहिणारी, आहे याची मॉडेल नंबरावरून खात्री करा. एसएमआर डिस्कमध्ये ट्रॅक एकमेकांवर कौलांसारखे चढवलेले असतात, त्यामुळे एका जागी लिहायचं तर शेजारचंही पुन्हा लिहावं लागतं. रोजच्या वापरात हे लपून जातं, रिबिल्डमध्ये वेग कोसळतो. २०२० साली एका मोठ्या कंपनीच्या नॅससाठी विकल्या जाणाऱ्या काही डिस्क एसएमआर निघाल्या आणि पत्रकात त्याचा उल्लेखही नव्हता. तेव्हापासून खोक्यावर नॅसचं चित्र आहे एवढ्यावर मी थांबत नाही.

सगळ्या डिस्क एकाच लॉटमधल्या नसाव्यात, जमेल तितकं. एकाच दिवशी बनलेल्या, एकाच खोक्यात आपटलेल्या आणि तितकेच तास फिरलेल्या डिस्क साधारण एकाच सुमाराला म्हाताऱ्या होतात. आणि एक डिस्क जास्तीची घेऊन कपाटात ठेवा. ती आहे त्या डिस्कएवढी किंवा मोठी हवी. एक सेक्टर जरी लहान निघाली तरी रेड तिला घेणार नाही. कपाटात ठेवण्याआधी तिचीही चाचणी झालेली असू द्या. नव्या प्रत्येक डिस्कवर मी स्मार्टची (डिस्कच्या आतच असलेल्या तपासणी यंत्रणेची) लांब चाचणी चालवते. मोठ्या डिस्कला ती रात्रभर पुरते. त्यात अडखळलेली डिस्क लगेच दुकानात परत जाते.

आता लेबल. हे काम सगळ्यात कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. डिस्क ट्रेमध्ये बसवली की तिच्यावरचा सिरियल नंबर आत जातो आणि बाहेरून सगळ्या ट्रे सारख्या दिसतात. म्हणून बसवण्याआधी सिरियल नंबरचे शेवटचे चार अक्षरांक पांढऱ्या पट्टीवर लिहून ट्रेच्या दर्शनी बाजूला चिकटवा. मशीनच्या कडेला एक कागद लावा: बे नंबर, मॉडेल, पूर्ण सिरियल, बसवल्याची तारीख, वॉरंटी संपण्याची तारीख. लिनक्स डिस्कला एसडीए, एसडीबी अशी जी नावं देतं ती रीबूटनंतर बदलू शकतात. त्यांच्यावर विसंबून कोणतीही ट्रे ओढू नका. सिरियल नंबर बदलत नाही.

पूल बनवताना सगळी जागा एकाच व्हॉल्यूमला देऊ नका, थोडी राखून ठेवा. व्हॉल्यूम वाढवणं सोपं असतं, लहान करणं बहुतेक नॅसमध्ये जमतच नाही. बीटीआरएफएस आणि झेडएफएस या फाइल सिस्टिम जवळपास भरल्या की मंदावतात, म्हणून ८० टक्क्यांवर इशारा लावा. ४ टीबीच्या डिस्कवर ३.६४ टीबी दिसले तर घाबरू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि नॅस १०२४ च्या, त्यात काही हरवलेलं नाही. एसएसडीचा कॅश (वेगासाठी मधला साठा) लावायचा असेल आणि तो लिखाणासाठीही असेल तर दोन एसएसडींचं रेड १ करूनच लावा, कारण डिस्कवर न पोचलेला ताजा डेटा त्यातच असतो. आणि यूपीएस हवाच, यूएसबी केबलने नॅसला जोडलेला, म्हणजे वीज गेल्यावर नॅस स्वतः नीट बंद होईल. डेटा लिहून झालाय पण पॅरिटी लिहायची राहिलीय अशा क्षणी वीज गेली तर ती विसंगती आत तशीच पडून राहते आणि नेमकी रिबिल्डच्या वेळी नडते.

दर महिन्याला काय बघायचं

स्मार्टचा 'नॉर्मल' हा शिक्का मी वाचत नाही, खालचे आकडे वाचते. ५ नंबर, म्हणजे बदलून दिलेले सेक्टर. १९७, वाचता येईनात म्हणून प्रतीक्षेत असलेले सेक्टर. १९८, चाचणीतही न सुधारलेले. हे तिन्ही शून्य असावेत. ५ नंबरला थोडे सेक्टर आहेत आणि महिनोन्महिने तेवढेच आहेत तर डिस्क अजून चालेल; दर वेळी आकडा चढताना दिसला तर तिच्या जागी दुसरी आणायची वेळ झाली. १९९ वाढत असेल तर मात्र डिस्कला दोष देऊ नका. तो आकडा केबल किंवा कनेक्टरवर बिघडलेल्या डेटाचा आहे. ट्रे काढून नीट बसवा, केबल असेल तर बदला. तो कधी खाली येत नाही, थांबला म्हणजे काम झालं.

स्क्रबिंग, म्हणजे सगळ्या डिस्कची पडताळणी, महिन्यातून एकदा लावाच. यात नॅस सगळ्या डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून पॅरिटीशी ताळा करतो. दोन वर्षांत कोणी न उघडलेल्या फाइलीखालचा सेक्टर खराब झाला असेल तर तो इथे सापडतो, आणि सगळ्या डिस्क शाबूत असल्यामुळे तिथल्या तिथे दुरुस्तही होतो. स्क्रबिंग केलं नाही तर तोच सेक्टर रिबिल्डमध्ये पहिल्यांदा भेटतो, जेव्हा त्याला वाचवणारी डिस्कच जागेवर नसते. डेबियन लिनक्सवर एमडी रेडची ही तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप होते. विकतच्या नॅसमध्ये ती पुष्कळदा तुम्हालाच वेळापत्रकात टाकावी लागते, तेव्हा एकदा आत जाऊन खात्री करा. नुसत्या पॅरिटीला गडबड कळते, पण कुठली प्रत खरी ते कळत नाही. बीटीआरएफएस आणि झेडएफएस चेकसम (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ठेवतात म्हणून त्यांना तेही कळतं. स्मार्टची लांब चाचणी आणि स्क्रबिंग एकाच रात्री ठेवू नका.

सूचनेचा ईमेल जातोय का ते चाचणीचं बटण दाबून बघा, आणि तो दोन माणसांना जाऊ द्या. ईमेल खात्याचा पासवर्ड बदलला की नॅसच्या सूचना गुपचूप बंद पडतात. मग रेड महिनोन्महिने एका डिस्कविना लंगडत राहतं आणि कोणाच्या गावीही नसतं.

डिस्क गेली

बीप वाजतोय, एक दिवा नारिंगी झालाय, पूल डिग्रेडेड, म्हणजे एका डिस्कविना चालू, दाखवतोय. डेटा जागेवर आहे, लोक काम करू शकतात. घाईने काही करायचं नाही.

आधी स्थिती नीट वाचा. लिनक्सच्या एमडी रेडमध्ये एमडीस्टॅट फाइल उघडली की चौकटी कंसात प्रत्येक डिस्कसाठी एक अक्षर दिसतं. चार यू म्हणजे चारही डिस्क कामात. यू, यू, मग खालची रेघ, मग यू, असं दिसलं तर तिसऱ्या जागेची डिस्क बाहेर आहे. ही तिसरी जागा रेडच्या क्रमातली आहे, बे नंबर तोच असेल असं धरून चालू नका. गेलेल्या डिस्कचा सिरियल नंबर मेनूतून घ्या, मशीनच्या कडेच्या कागदावर शोधा, ट्रेवरच्या पट्टीशी जुळवा. दिव्याशीही जुळवा. तिन्ही जुळले तरच ट्रेला हात. डिग्रेडेड रेड ५ मधून चुकून चांगली डिस्क ओढली की अख्खं व्हॉल्यूम बसतं.

मग बॅकअप बघा: शेवटचा कधीचा, आणि त्यातली एखादी फाइल उघडते का. बॅकअप जुना असेल तर रिबिल्ड सुरू करण्याआधी महत्त्वाचे फोल्डर दुसरीकडे उतरवा. रिबिल्डने सगळ्या डिस्कवर दिवसभराचा ताण येणार आहे. त्याआधी हवं तेवढं वाचून घेणं शहाणपणाचं.

आता ट्रे काढा. हॉट स्वॅप असेल तर नॅस चालू असतानाच काढायची. खटका सोडवून ती बोटभर बाहेर ओढा आणि आतली फिरती तबकडी थांबेपर्यंत पंधरा-वीस सेकंद तशीच राहू द्या, मग पूर्ण बाहेर. कपाटातली डिस्क त्याच ट्रेमध्ये लावा, नवी पट्टी चिकटवा, टक्क आवाज येईपर्यंत आत ढकला. नॅसला ती दिसली की पूलच्या मेनूत जाऊन रिपेअर निवडा. 'नवीन पूल बनवा' किंवा 'इनिशियलाइज' असं काही विचारलं तर थांबा, तुम्ही चुकीच्या पानावर आहात.

रिबिल्ड चालू असताना स्क्रबिंग, लांब चाचण्या आणि मोठ्या कॉप्या बंद ठेवा. बऱ्याच नॅसमध्ये रिबिल्डला प्राधान्य देण्याची सेटिंग असते. रात्री ते वाढवा, दिवसा लोकांना सोसेल एवढं ठेवा. झेडएफएस भरलेलीच जागा परत लिहितं, त्यामुळे अर्ध्या रिकाम्या पूलला वेळ कमी लागतो. डिस्क अजून चालतेय पण आकडे चढताहेत, आणि एक बे रिकामा आहे, तर याहून चांगला मार्ग आहे: जुनी जागेवर ठेवूनच 'रिप्लेस' करा. नवीन डिस्क आधी भरते, जुनी मग बाहेर पडते, आणि रेड एक क्षणही डिग्रेडेड होत नाही.

दोन डिस्क एकदम दिसेनाशा झाल्या तर

दोन डिस्क एकाच मिनिटाला मरणं फार क्वचित घडतं. बहुतेक वेळा पॉवर सप्लाय, बॅकप्लेन (सगळ्या डिस्क ज्यात अडकतात ती पाटी) किंवा केबल हे कारण असतं आणि डिस्कवरचा डेटा शाबूत असतो. नॅस नीट बंद करा. कुठलंही रिपेअर, क्रिएट, फॉरमॅट दाबू नका. कुठल्या बेमधून कुठली डिस्क काढली त्याचा फोटो काढा, लॉगमध्ये कुठली डिस्क आधी पडली ते शोधा. आधी पडलेल्या डिस्कवरचा डेटा जुना असतो, ती सोडून बाकीच्या डिस्कवर रेड जबरदस्तीने उभं करता येतं. त्याआधी डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने प्रत्येक डिस्कची हुबेहूब प्रत काढून प्रतींवरच काम करा. हे कधी केलं नसेल आणि बॅकअपही नसेल, तर डिस्क आहेत तशा डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. त्यांच्याकडे येणाऱ्या डिस्कवर मधल्या प्रयत्नांत काही लिहिलं गेलेलं नसलं की त्यांचं काम पुष्कळ सोपं होतं.

जागा वाढवायची असेल तर

एकेक डिस्क मोठी करत जाणं म्हणजे ओळीने तितकी रिबिल्ड. प्रत्येकीनंतर पूल निरोगी दिसेपर्यंत दुसऱ्या ट्रेला हात लावायचा नाही. साध्या रेड ५ मध्ये शेवटची डिस्क बदलल्यावरच जागा वाढते. एसएचआरमध्ये दोन मोठ्या बसल्या की वाढायला लागते. झेडएफएसच्या रेडझेडमध्ये एकेक डिस्क जोडत जाणं पूर्वी शक्यच नव्हतं, ओपनझेडएफएस २.३ पासून, म्हणजे जानेवारी २०२५ पासून, ते जमतं. पण आठ-आठ तासांची चार रिबिल्ड करण्यापेक्षा नवीन पूल बनवून बॅकअपवरून डेटा परत आणणं कधी कधी जास्त सुरक्षित पडतं, आणि बॅकअप खरंच परत येतो का तेही त्यात कळतं.

काढलेली डिस्क कोणाला द्यायच्या किंवा वॉरंटीत पाठवायच्या आधी पुसा. रेड १ मधली असेल तर तिच्यावर पूर्ण प्रत आहे. रेड ५ मधल्या एकट्या डिस्कवर तुकडेच असतात खरे, पण हे तुकडे ६४ केबी किंवा ५१२ केबी असे असतात आणि एखादं पत्र, पगाराची यादी किंवा पासवर्डची फाइल एका तुकड्यात अख्खी मावते. डिस्क चालत असेल तर सिक्युअर इरेज (डिस्कचा स्वतःचा पूर्ण पुसण्याचा आदेश) चालवा. चालत नसेल आणि डेटा नाजूक असेल तर वॉरंटीवर पाणी सोडा, तबकड्या फोडा, आणि मशीनच्या कडेच्या कागदावर त्या सिरियल नंबरापुढे तारीख टाका.